सांगाड्याचे खोगीर की बिनसांगाड्याचे? अवघड पाठीच्या घोड्यासाठी निवड

चप्पल चावली तर माणूस ती काढून हातात घेतो. खोगीर रुतले तर घोड्याला ते काढून ठेवता येत नाही. तो कान मागे पाडतो, तंग आवळताना दात दाखवतो, स्वार चढताना पाठ खाली दाबून घेतो, आणि बहुतेक वेळा त्याची नोंद ‘खोडकर जनावर’ अशी होते. मग लगाम बदलला जातो, चाबूक हातात घेतला जातो, शिकवणारा बदलला जातो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार. दोष अनेकदा पाठीवरच्या वस्तूत असतो.

काही घोड्यांच्या पाठी अशा असतात की दुकानात मिळणारे कोणतेही तयार खोगीर त्यांच्यावर नीट बसत नाही. कोणाचा उंचवटा फार वर आलेला, कोणाची पाठ पिंपासारखी गोल, कोणाची मधेच खोल गेलेली, कोणाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा. अशा घोड्यांच्या मालकांपुढे गेल्या काही दशकांत एक पर्याय मोठ्या आग्रहाने मांडला गेला आहे. आतील कठीण सांगाडाच काढून टाकलेले, लवचिक, ‘ट्रीलेस’ खोगीर हा तो पर्याय होय. सांगाडा नाही म्हणजे रुतण्याजोगे काही नाही आणि म्हणून ते कोणत्याही घोड्याला चालते, असा दावा केला जातो. त्यातील पहिला भाग काही अंशी खरा आहे. दुसऱ्या भागामुळे मात्र पुष्कळ पाठींचे नुकसान झाले आहे.

सांगाडा करतो काय?

नेहमीच्या इंग्रजी खोगिराच्या पोटात एक सांगाडा असतो. त्याला ‘ट्री’ म्हणतात. परंपरेने तो बीच लाकडाच्या चिकटवलेल्या थरांचा आणि पोलादी पट्ट्यांचा असतो. आता तो कृत्रिम तंतू किंवा प्लॅस्टिकचाही होतो. पुढे कमान, मागे बैठकीचा उठाव आणि त्यांना जोडणाऱ्या, कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दोन दांड्या अशी त्याची रचना असते. खाली लोकर, फोम किंवा हवा भरलेल्या दोन गाद्या असतात आणि त्यांच्यामध्ये कण्याच्या वर एक मोकळी पन्हळ राहते. अमेरिकी ‘वेस्टर्न’ खोगिरात या दांड्या अधिक लांब-रुंद असतात, त्यामुळे त्याचे टेकण्याचे क्षेत्रही मोठे असते.

या सांगाड्याची कामे दोन. स्वाराचे वजन एका जागी न पडता पसरावे आणि कण्यावर काहीही टेकू नये. घोड्याच्या पाठीला सर्वसाधारणपणे १८ मणके आणि बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. मणक्यांची वर आलेली टोके त्वचेच्या लगेच खाली असतात. तेथे भार सोसण्याइतके मांस नसते. भार पेलायचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंनी आणि त्याखालच्या बरगड्यांनी. म्हणून खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर जाऊ नये, आणि पुढे त्याने फऱ्याच्या हाडावर चढू नये. पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा फऱ्याच्या हाडाचे वरचे टोक मागे सरकते. उभ्या घोड्यावर व्यवस्थित दिसणारे खोगीर चालताना खांद्याला का अडते, याचे उत्तर या हालचालीत आहे.

सांगाड्याचा तोटा त्याच्या गुणातच दडलेला आहे. तो कठीण असतो, म्हणून वजन पसरवतो. आणि कठीण असतो, म्हणूनच पाठीच्या आकाराशी जुळला नाही तर रुततो. कमान अरुंद असेल तर ती खांद्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा काढते. रुंद असेल तर पुढून खाली बसते आणि कण्याला टेकते. दांड्या सरळ आणि पाठ खोल असेल तर खोगीर पुलासारखे फक्त पुढच्या व मागच्या टोकांवर टेकते, मध्ये पोकळी राहते आणि सगळा भार चार ठिकाणी गोळा होतो. याउलट दांड्या पाठीपेक्षा अधिक वाकड्या असतील तर ते पाळण्यासारखे पुढे-मागे डुलते.

खोगीर आणि जीन

मराठीत या वस्तूसाठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही फारसीतून आले आहेत. ‘जीन’ म्हणजे बैठक. ‘खोगीर’ हा मूळचा ‘खूगीर’. घाम टिपून घेणारी, पाठीवर टाकायची भरलेली गादी. पुढे मराठीत दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच झाला. पण गादीत चिंध्या, लोकर, गवत जे सापडेल ते कोंबण्याच्या रीतीमुळे ‘खोगीरभरती’ हा शब्द टाकाऊ भरण्यासाठी रूढ झाला, आणि खोगिरे करणाऱ्यांना ‘जीनगर’ हे नाव राहिले. बिनसांगाड्याचे खोगीर ही नवी वस्तू नाही, एवढे या शब्दांवरूनही कळते.

उलट मुळात सगळी खोगिरे तशीच होती. अल्ताई पर्वतातील पाझिरिकच्या थडग्यांत, बर्फात गोठून टिकलेली इसवी सनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकांतली खोगिरे सापडली आहेत. त्यांत केस भरलेल्या दोन उशा कण्याच्या दोन्ही बाजूंना येतील अशा जोडलेल्या आहेत. सांगाडा नसतानाही कण्यावर भार पडू द्यायचा नाही, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. आजच्या बाजारात मिळणाऱ्या काही बिनसांगाड्याच्या खोगिरांत ही मधली मोकळी जागाच नसते, हे पाहिले म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीचा जीनगर काही बाबतींत पुढे होता असे म्हणावे लागते. लाकडी सांगाडा आणि रिकिबी यांचा प्रसार पुढे आशियात झाला, आणि दोन्हींचा परस्परसंबंध आहे. स्वार रिकिबीत उभा राहिला की त्याचे सारे वजन दोन पट्ट्यांवर लटकते. ते पेलायला त्या पट्ट्यांच्या वर काहीतरी कठीण लागते.

मोजमाप काय सांगते?

खोगिराखाली दाब मोजणारी इलेक्ट्रॉनिक चटई अंथरून घोडे चालवण्याची पद्धत आल्यापासून या वादात मतांच्या जोडीला आकडे आले. स्थिर चालीत पाठीवर पडणारा कमाल भार स्वाराच्या वजनापेक्षा थोडाच अधिक असतो, पण दुडकीत तो दुपटीच्या वर जातो आणि कँटरमध्ये आणखी वाढतो. म्हणजे ७० किलोचा स्वार दुडकीच्या प्रत्येक ठोक्याला घोड्याच्या पाठीवर क्षणभर १४० किलोंहून अधिक असतो. खोगिराखालचा सरासरी दाब ११ किलोपास्कलच्या वर गेला की पाठदुखीचा धोका वाढतो, असा निकष संशोधक वापरतात. हा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ११२ ग्रॅम वजन ठेवण्याइतका आहे. ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढ्या दाबाखाली त्वचेतील आणि स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबून राहिल्या तर तास-दोन तासांत त्याचे परिणाम दिसू लागतात.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच घोड्यांवर, त्याच स्वारासह, एकदा नेहमीचे आणि एकदा बिनसांगाड्याचे खोगीर घालून बसत्या दुडकीत मोजणी केली. नेहमीच्या खोगिराखाली वजन मोठ्या क्षेत्रावर पसरले होते, सरासरी आणि कमाल दोन्ही दाब कमी होते. बिनसांगाड्याच्या खोगिराखाली भार स्वाराच्या बैठकीच्या हाडांच्या खाली गोळा झाला. मऊ उशीवर बसले तरी हाडे जेथे टोचायची तेथेच टोचतात, असा याचा सरळ अर्थ.

यावरून बिनसांगाड्याची खोगिरे निकालात निघाली असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. २०१४ च्या पुढील अभ्यासात मोठ्या गाद्या आणि मध्ये पन्हळ असलेले बिनसांगाड्याचे ड्रेसाज खोगीर तपासले गेले. या वेळी टेकण्याचे क्षेत्र आणि भाराची वाटणी नेहमीच्या खोगिराइतकीच निघाली. कमाल दाब मात्र तरीही अधिक होता, आणि त्याचे कारण पन्हळ अरुंद व गाद्या फार उतरत्या असणे हे होते. म्हणजे सांगाडा असो वा नसो, गादीचा आकार आणि पन्हळीची रुंदी पाठीशी जुळावीच लागते. ‘कोणत्याही घोड्याला चालणारे’ या दाव्याचे घोडे इथेच पेंड खाते. शिवाय अशा अभ्यासांत घोडे मोजकेच असतात आणि ज्या सांगाड्याशी तुलना होते तो पाठीला जुळेल असाच घेतलेला असतो. अवघड पाठीच्या घोड्याचा मालक ज्या पेचात असतो तो वेगळा. न जुळणारा सांगाडा आणि बरे जुळणारे बिनसांगाड्याचे खोगीर, यांतून त्याला निवड करायची असते.

पाठीपाठीचा फरक

मान संपते तेथे, दोन्ही फऱ्यांच्या वर येणाऱ्या हाडांच्या उंचवट्याला ‘विदर्स’ म्हणतात. घोड्याची उंची येथेच मोजतात. हा उंचवटा टोकदार आणि त्याच्या दोन्ही बाजू खोल गेलेल्या असतील, तर बिनसांगाड्याचे खोगीर बहुधा चुकीची निवड ठरते. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे यात मोडतात. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून बाहेर पडलेले असे अनेक घोडे पुढे अश्वारोहण शाळांत येतात आणि येताना मांस आटलेली पाठ घेऊन येतात. आपले मारवाडी आणि काठियावाडी घोडेही सडपातळ बांध्याचे व उठावदार विदर्सचे असतात. अशा पाठीवर लवचिक खोगिराचा पुढचा भाग तंग आवळताच खाली ओढला जाऊन थेट हाडावर बसतो. येथे कमान मागे कापून घेतलेला सांगाडा, पुढच्या बाजूला अधिक भरलेल्या गाद्या आणि खांद्यांमागच्या खळग्यांत भर देणारा नमदा यांचा उपयोग होतो. त्या खळग्यांत मांस भरून येईपर्यंत खोगीर रुंदच ठेवावे लागते. आज दिसणाऱ्या बारीक पाठीला घट्ट बसेल असे अरुंद खोगीर घेतले, तर स्नायू वाढायला जागाच राहत नाही आणि पाठ तशीच आटलेली राहते. चांगले खोगीरदुरुस्त हेच काम वर्षभरात दोन-तीनदा भरणी बदलून साधतात.

याच्या उलट टोकाला रुंद, गोल, विदर्स जवळजवळ नसलेले घोडे असतात. नॉर्वेचा फ्योर्ड, ऑस्ट्रियाचा हाफलिंगर, इंग्लंडातील कॉब आणि कितीतरी भरीव तट्टे या गटातली. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारख्या कमानीचा सांगाडा त्यांच्या खांद्यांवर चढून बसतो. अशा पाठीवर बिनसांगाड्याचे खोगीर टेकते छान, पण धरून ठेवायला उंचवटाच नसल्याने ते बाजूला गोल फिरते. मालक मग तंग वाजवीपेक्षा अधिक आवळतो आणि एक त्रास घालवून दुसरा ओढवून घेतो. या घोड्यांसाठी अर्धगोल कमानीचे, रुंद आणि सपाट दांड्यांचे सांगाडे मिळतात. शक्य असेल तेथे तेच शोधणे योग्य. तसे न मिळाल्यास, स्वार हलका व तोल सांभाळणारा असल्यास, बिनसांगाड्याचे खोगीर हा चालण्याजोगा मार्ग आहे.

आखूड पाठीच्या घोड्यांत अरबी घोडा प्रमुख. या जातीत काहींना बरगड्यांच्या १७ च जोड्या असतात. खोगिराची लांबी स्वाराच्या बैठकीवरून ठरवली जाते आणि घोड्याची पाठ मात्र तेवढी नसते, अशी तेथे अडचण येते. बिनसांगाड्याचे खोगीरही मागे तितकेच लांब असेल तर त्याने काहीच साधत नाही.

पाठ मधे खोल गेलेल्या म्हाताऱ्या घोड्याचा प्रश्न नाजूक आहे. सरळ सांगाडा येथे पूल बांधतो. लवचिक खोगीर पाठीच्या वळणाशी मिळते, म्हणून ते सुखकर वाटते. पण स्वाराचे वजन खोलगटाच्या तळाशीच एकवटते, नेमके जेथे पाठ आधीच दमलेली आहे तेथे. वळणदार सांगाडा, किंवा खोलगट भरून काढणाऱ्या जाड फोमच्या नमद्यावर बिनसांगाड्याचे खोगीर, यांपैकी एक निवडावे. अशा घोड्यावरची रपेट थोडक्यात आटोपावी, आणि पशुवैद्यकाने नको म्हटले तर खोगीर कोणतेही असो, स्वारी नकोच.

बिनसांगाड्याच्या खोगिराची खरी जागा आहे ती बदलत्या शरीरांसाठी. सहा-सात वर्षांपर्यंत वाढणारे तरुण घोडे, आजारातून उठलेले, लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या हंगामात वजन घटणारे आणि पावसाळ्यात पुन्हा भरणारे घोडे यांना दर तीन महिन्यांनी नवा सांगाडा घेणे कोणाला परवडत नाही. अशा मधल्या काळात योग्य नमद्यासह वापरलेले लवचिक खोगीर उपयोगी पडते. कमानीची धातूची पट्टी बदलून रुंदी कमी-जास्त करता येणारी खोगिरे हा त्यावरचा दुसरा उपाय. त्यांत कमानीची रुंदी बदलते, दांड्यांचे वळण मात्र तेच राहते, एवढे ध्यानात ठेवावे.

खोगीर सतत एकाच बाजूला घसरते, ही तक्रार घेऊन येणारे मालक बहुधा असमान खांद्यांना दोष देतात. घोड्यांचे खांदे थोडेफार असमान असतातच. पण इंग्लंडमधील न्यूमार्केट येथील पशुवैद्यकांच्या अभ्यासात असे आढळले की अशा घसरण्यामागे अनेकदा मागच्या पायाचा सौम्य, नजरेतून सुटणारा लंगडेपणा असतो. दुखऱ्या पायाला भूल देताच बहुतेक घोड्यांवरचे खोगीर सरळ राहिले. तेव्हा नवे खोगीर घेण्याआधी घोड्याचे पाय तपासून घेतलेले बरे. खर्चही वाचतो आणि घोड्याचे दुखणेही वेळेवर कळते.

निवडीनंतरची काळजी

बिनसांगाड्याचे खोगीर साध्या नमद्यावर वापरू नये. त्यासाठी कण्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट फोमचे दोन ठोकळे असलेला, मध्ये मोकळी पन्हळ राखणारा नमदाच लागतो. फोम बोट आणि अंगठा यांच्यात जोराने दाबून पाहावा. दोन्ही बोटे एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर स्वाराच्या वजनाखालीही तो तसाच चपटा होणार. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढणे टाळावे. ओटा किंवा पायरी वापरावी, कारण चढताना सारे खोगीर एका बाजूला ओढले जाते. उड्या मारणे आणि रिकिबीत बराच वेळ उभे राहून केलेली रपेट या खोगिराला मानवत नाही. स्वार वजनदार असेल तर सांगाड्याचाच विचार करावा. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५ ते ३० टक्क्यांपर्यंत भार टाकून पाहिला गेला. २५ टक्क्यांपासून स्नायूंचा दुखरेपणा स्पष्ट वाढला. खोगिरासह २० टक्के ही मर्यादा त्यामुळे सर्वसाधारणपणे मानली जाते. ४०० किलोच्या घोड्यासाठी ती ८० किलो होते.

सांगाड्याच्या खोगिराची पारख नमदा न घालता, उघड्या पाठीवर करावी. स्वार बसल्यावर विदर्स आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे, आणि मागून वाकून पाहिले तर पन्हळीतून आरपार उजेड दिसला पाहिजे. गादीखाली सपाट हात सरकवत नेला तर दाब सगळीकडे सारखा लागावा. अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालून काम भागवण्याची सवय सर्वत्र आहे. घट्ट बुटात जाड मोजे घातल्याने बूट सैल होत नाही, इतका साधा हा हिशेब आहे. भारतात चामड्याची खोगिरे मुख्यतः कानपूरला होतात. तेथील या मालाला भौगोलिक मानांकनही आहे. पण तयार माल ठरावीक मापांत येतो. लवचिक धातूची पट्टी घोड्याच्या पाठीवर दाबून आकार घ्यायचा, तो कागदावर उतरवायचा आणि मागणीसोबत पाठवायचा, एवढे केले तरी निवड पुष्कळ नेमकी होते. विदर्सच्या मागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीजवळ असे तीन आडवे आकार आणि कण्यालगत एक उभा आकार पुरेसा असतो. कागदावर तारीख घालून ते जपून ठेवावेत, म्हणजे सहा महिन्यांनी पाठ किती बदलली हे ताडून पाहता येते.

कोणतेही खोगीर घेतले तरी पहिल्या काही आठवड्यांत घोड्याची पाठ रोज हाताने चाचपावी. अर्ध्या-पाऊण तासाच्या रपेटीनंतर खोगीर उतरवले की घामाचा ठसा पाहावा. कण्यावरची पन्हळ कोरडी असणे ठीक; पण चोहीकडे घाम आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तेथे दाब अधिक आहे. पिसकटलेले केस, दुसऱ्या दिवशी उमटलेली सूज, बोटांच्या दाबाने पाठ खाली टाकणे ही त्यापुढची लक्षणे. विदर्सच्या बाजूंना उमटलेले पांढरे केस हे जुन्या जखमेचे चिन्ह असते. ते आजच्या खोगिराबद्दल नव्हे, तर काही महिन्यांपूर्वी घातलेल्या खोगिराबद्दल सांगतात. वापरलेला घोडा विकत घेताना ते आधी पाहावेत.